सबमरीनरचा सर्व्हे

ज्या पैशात रोलेक्सचं नवं कोरं सबमरीनर, म्हणजे पाण्याखाली बुडी मारताना वापरायचं मनगटी घड्याळ (डाइव्ह वॉच), येतं, साधारण त्याच पैशात पंचेचाळीस-पन्नास वर्षं वापरून झालेलं सबमरीनरही येतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसूच आलं. मी मरीन सर्व्हेयर आहे. जहाज खडकावर बसलं, धक्क्याला घासलं, इंजिनाने राम म्हटला की विमा कंपनीच्या वतीने बोटीवर चढायचं, नुकसान मोजायचं आणि रिपोर्ट लिहायचा, यावर माझं घर चालतं. आमच्याकडे जहाज यार्डातून बाहेर पडलं की त्याची किंमत उतरणीला लागते आणि पंचवीस-तीस वर्षांत ते अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला जातं. पन्नास वर्षांच्या लोखंडाला नव्याचा भाव देणारा बाजार माझ्या पाहण्यात नव्हता.

मग त्याच बाजारात मी कित्येक महिने नाक खुपसून बसलो.

डाइव्ह वॉचच का, तर चाळिशी उलटल्यावर मी तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा शिकलो, आणि तेव्हापासून पावसाळा संपून पाणी निवळलं की मालवणला जाणं सुटलेलं नाही. पाण्याखाली मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो. खोली, वेळ, वर येण्याचा वेग, कुठे किती मिनिटं थांबायचं, सगळं तो सांगतो. काट्यांच्या घड्याळाची तिथे कुणालाच गरज नसते. मला ते हवं होतं, एवढंच. पन्नाशी आली होती, मुलीचं शिक्षण आटपलं होतं, पैसे बाजूला काढलेले होते. बायकोची अट एकच: "घेतलंस तर रोज घालायचं. लॉकरमध्ये आधीच जागा नाही." शेवटी निकाल याच अटीने लावला, पण ते नंतर.

उमेदवार दोनच होते. जुन्यांत 5513, ज्याला या नादातली माणसं 'पंचावन्न तेरा' म्हणतात. 1962 पासून ते 1989 च्या आसपासपर्यंत हे मॉडेल बनत राहिलं. तारीख नाही, क्रोनोमीटरची, म्हणजे अचूकतेच्या प्रमाणपत्राची, बिरुदावली नाही, डायलच्या खालच्या अर्ध्यात मॉडेलचं नाव आणि खोलीचा आकडा, संपलं. नव्यांत 124060, सप्टेंबर 2020 मध्ये आलेलं, तेही बिनतारखेचं. दोन्ही शेजारी ठेवली तर लांबून ओळखू येऊ नयेत इतकी सारखी. जुनं जेमतेम 40 मिलिमीटर, नवं 41. जुन्यावर 200 मीटर लिहिलेलं, नव्यावर 300.

या घराण्याचा मूळपुरुष 1953 चा. तेव्हाचं सबमरीनर 100 मीटरसाठी होतं. त्याच वर्षी ब्लाँपँ कंपनीने फिफ्टी फॅदम्स हे घड्याळ काढलं, तेही फ्रेंच लष्करी डायव्हरांच्या पथकाचे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो या दोघांच्या गरजा ऐकून. त्या काळात डाइव्ह कॉम्प्युटर नव्हते. पाठीवरची हवा किती वेळ पुरेल याचा हिशेब मनगटावरच करावा लागे, आणि त्यासाठी काचेभोवतीची फिरती कडी, म्हणजे बेझल. उडी मारताना तिचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग खाली किती मिनिटं गेली ते थेट वाचायचं. 5513 ची बेझल दोन्ही बाजूंना फिरते, बोटांच्या जोरावर. 124060 ची फक्त उलट्या दिशेने फिरते, 120 टकटकींत. दगडाला घासून ती चुकून हलली तरी गेलेला वेळ आहे त्यापेक्षा जास्तच दिसतो, आणि माणूस उशिरा नव्हे तर लवकर वर येतो. तपशील क्षुल्लक वाटतो खरा, पण तो सुचायला आधी कुणाची तरी हवा संपलेली असावी.

सुरुवातीला माझं मन पूर्णपणे जुन्याकडे होतं. सत्तरच्या दशकात ब्रिटिश नौदलाने आपल्या डायव्हरांना याच 5513 ची लष्करी आवृत्ती दिली होती. समुद्राखाली तेलविहिरींची कामं करणाऱ्या फ्रान्सच्या कोमेक्स कंपनीसाठी रोलेक्सने हेलियम बाहेर टाकणारा व्हॉल्व बसवून 5513 बनवून दिली. ती खास घड्याळं माझ्या आवाक्याच्या पार बाहेरची, पण साध्या 5513 लाही त्या कुळाचा वास आहे. ऑफशोअरची कामं मी जवळून पाहिली आहेत, त्यामुळे ओढ जरा जास्त होती.

जुन्या घड्याळांची माझी सगळी समज वडिलांच्या फेवर लुबापुरती होती. सी चीफ मॉडेल. फेवर लुबा ही स्विस कंपनी 1865 पासून मुंबईत पाय रोवून होती, आणि गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांत पहिलं 'स्विस' घड्याळ म्हणजे फेवर लुबाच. (मध्ये ती टायटनकडे होती, आता घड्याळविक्रेत्या इथॉसच्या गटाने पुन्हा उभी केली आहे.) वडिलांच्या घड्याळाची डायल काळवंडली तेव्हा त्यांनी ती फोर्टमध्ये नेऊन रंगवून आणली. तेव्हा डायल रंगवणं हे दिवाळीआधी घराला चुना काढण्याइतकं साधं काम होतं. आज जगभरातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि नाक मुरडतात. नवीन रंगवलेली डायल, कुठल्याही घड्याळाचे काटे, तिसऱ्याच कंपनीची चावी. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर अशी रंगीबेरंगी घड्याळं ताटलीत मांडलेली असतात. फसवायला विकतो तो बदमाश हे खरं. पण रंगवणाऱ्याला हसणं मला पटत नाही. ज्याला वेळ बघायची होती त्याला डाग नको होते.

ज्यांनी ती डायल रंगवली त्यांच्या मुलाकडे, म्हणजे आता सत्तरीच्या पुढच्या घड्याळवाल्या काकांकडे, मी सल्ल्याला गेलो. फोर्टमधल्या एका जिन्याखालचं दुकान, दोन माणसं उभी राहिली की भरतं. 5513 घ्यायचं म्हणतोय, असं म्हटल्यावर त्यांनी डोळ्यावरचा आयग्लास काढला.

"घ्या की. पण माझ्याकडे आणू नका."

"का हो?"

"त्याला पॉलिश मारायचं नाही. डायल साफ करायची नाही. काटे बदलायचे नाहीत. बेझल बदलायची नाही. तेवढं केलं की त्याची निम्मी किंमत गेली. मग मी करू काय, आरती?"

मशीन खोलून धुणं, तेल घालणं, वॉशर बदलणं हे ते करतातच, ते विनोदाने बोलत होते. पण मुद्दा नेमका होता, आणि मला तो माझ्या भाषेत समजला. विम्यात 'जुन्याच्या जागी नवं' नावाचा एक जुना वाद आहे. जहाजाचा जुना पत्रा अपघातात फाटला आणि विमा कंपनीने नवा घालून दिला, तर मालकाचं जहाज आधीपेक्षा चांगलं झालं. म्हणून पूर्वी दुरुस्तीच्या खर्चातून ठरावीक हिस्सा, बहुतेकदा एक तृतीयांश, कापून घेत. आपल्या 1963 च्या मरीन इन्शुरन्स कायद्यातही या रूढ वजावटीचा उल्लेख आहे. आताच्या पॉलिसींमध्ये ती वजावट न करण्याचं कलम असतं. वाद कसाही मिटो, गृहीतक एकच: नवा भाग घातला की वस्तूचं मोल वाढतं. जुन्या सबमरीनरच्या बाजारात हे गृहीतक डोक्यावर उभं आहे. तिथे नवा काटा घातला की घड्याळ घसरलं. उन्हाने राखाडी पडलेली ॲल्युमिनियमची मूळ बेझल काळ्याकुळकुळीत नव्या बेझलपेक्षा महाग. जी जी गोष्ट मी जहाजावर 'बदला' म्हणून लिहीन, तिच्याचसाठी इथे पैसे मोजायचे.

हे डोक्यात घेऊन लंडनला गेलो. एका क्लेमच्या बैठकीसाठी जाणं होतंच, आणि तिथल्या एका दुकानाशी आधीपासून पत्रव्यवहार केला होता. 5513, साधारण 1977-78 चं, 'ऑल ओरिजिनल' असं वर्णन. दुकानदार सुटाबुटातला, अत्यंत सभ्य. मी कॅलिपर आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च बरोबर नेली होती. ती त्याने बघितली आणि न विचारताच टेबलावरचा दिवा माझ्याकडे सरकवला.

आधी चेन काढायला लावली. या घड्याळांत चेन अडकते त्या दोन पायांच्या मधल्या पोलादावर नंबर कोरलेला असतो: बाराच्या बाजूला मॉडेलचा, सहाच्या बाजूला अनुक्रमांक. पन्नास लाखांच्या मालिकेतला निघाला, म्हणजे सांगितलेलं वर्ष बरोबर. मग चारही पायांची जाडी घेतली. जहाजाच्या पत्र्याचं गेजिंग करतो तसंच. डावीकडचे दोन पाय उजवीकडच्यांपेक्षा किंचित बारीक होते. या पायांना आरपार भोकं असतात, चेनची पिन ढकलायला. पायावर जितकं जास्त पॉलिश झालेलं असेल तितकं भोक कडेच्या जवळ सरकल्यासारखं दिसतं, कारण भोक तिथेच असतं आणि कड आत येते. एका पायावर ते चांगलंच कडेला आलं होतं. कुणीतरी कधीतरी या बाजूचा मोठा ओरखडा बफिंगवर घालवला होता.

डायल मात्र सुरेख. काळी, बिनचकाकीची, तासांचे गोल नेहमीपेक्षा मोठे; सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेल्या या प्रकाराला 'मॅक्सी' म्हणतात. गोलांचा पांढरा रंग जुन्या हस्तिदंतासारखा पिवळसर झालेला. अगदी तळाशी, सहाच्या खाली, बारीक अक्षरांत 'स्विस' आणि त्याच्यापुढे 'टी 25 पेक्षा कमी' अशी खूण. टी म्हणजे ट्रिटियम, किरणोत्सार 25 मिलिक्युरीहून कमी. आपण अंधारात चमकणाऱ्या घड्याळाला सरसकट 'रेडियमचं' म्हणतो. रोलेक्सने रेडियम साठच्या दशकात सोडलं आणि ट्रिटियम घेतलं. त्याचं अर्धायुष्य बारा वर्षं आणि थोडे महिने. म्हणजे या घड्याळात चार अर्धायुष्यं उलटत आलेली. ते आता चमकणार नाही, आणि चमकू नये, हीच परीक्षा.

दिवा मालवून टॉर्च मारली. डायलचे गोल टॉर्चखाली मंद उजळले आणि टॉर्च हटवताच विझले. काटे विझले नाहीत. मिनिटकाटा आणि तासकाटा हिरवट उजेड धरून तसेच राहिले. काट्यांत ट्रिटियम नव्हतंच, ल्युमिनोव्हा होतं, म्हणजे उजेड साठवून चमकणारा, किरणोत्सार नसलेला रंग, आणि ते या घड्याळाच्या जन्मानंतर कितीतरी वर्षांनी आलं.

"सर्व्हिसचे काटे दिसतात," मी म्हटलं.

"शक्य आहे," तो म्हणाला. आवाजात लाज नव्हती, पण भाव खाली आणायची तयारी लगेच दिसली.

मागचं झाकण उघडलं. आत 1520 मशीन, तासाला 19,800 ठोके, साधं आणि दणकट. झाकणाच्या आतल्या बाजूला जुन्या कारागिरांनी सुईने ओरखडलेल्या तारखा आणि खुणा होत्या. कितीदा उघडलं गेलं याची नोंदवहीच. मला अधिक रस होता तो केसच्या, म्हणजे घड्याळाच्या पोलादी कवचाच्या, गळ्यात, जिथे झाकणाचं गॅस्केट, म्हणजे रबरी कडं, बसतं. तिथे खारं पाणी आणि घाम वर्षानुवर्षं मुरतो. भिंगाखाली त्या गोल कडेवर एका जागी खड्ड्यांची माळ दिसली. मोठी नव्हती. जहाजाच्या हॅच कव्हरच्या, म्हणजे माल भरायच्या तोंडावरच्या झाकणाच्या, कडेवर असे खड्डे दिसले तर मी हातातलं काम टाकून होज टेस्ट, म्हणजे पाण्याचा फवारा मारून गळती बघायची चाचणी, मागतो.

मग त्याने व्यवहाराची कागदपत्रं दाखवली. त्यात एक सुबक छापलेलं कार्ड होतं: जुन्या घड्याळाच्या जलरोधकतेची हमी नाही, ते पाण्यापासून दूर ठेवावं. डायलवर 660 फूट बरोबर 200 मीटर छापलेलं, आणि कार्ड म्हणतं हात धुताना काढून ठेवा. त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही तेच कार्ड छापलं असतं.

भारतात आणायचं झालं तर आणखी एक पान होतं. पन्नास वर्षांचं असलं म्हणून कस्टम्सला काही फरक पडत नाही. त्यांच्या लेखी अँटीक म्हणजे शंभर वर्षांहून जुनं. मनगटावर बांधून ग्रीन चॅनेलने निघायचं धाडस करणारे असतात, आणि पकडल्यावर 'माझं जुनंच आहे' म्हणणारेही. माझ्या धंद्यात असल्या गोष्टींवरून नाव गेलं की परत मिळत नाही. रेड चॅनेल, ड्यूटी, मग त्या ड्यूटीसकट हिशेब करा. खाली आणलेला भाव पुन्हा होता तिथे जाऊन बसला. मी विचार करून कळवतो म्हणून निघालो.

इकडे नव्या घड्याळाचं वेगळंच नाटक. मुंबईतल्या एका अधिकृत दुकानात गेलो. काचेत सबमरीनर मांडलेलं, शेजारी पाटी: फक्त प्रदर्शनासाठी. विकत नाही मिळत, नाव नोंदवा. किती दिवस लागतील याचं उत्तर नाही. यापूर्वी आमच्याकडून काय घेतलं आहे, हा प्रश्न मात्र हसतमुखाने आला. बायकोसाठी हिऱ्यांचं काही बघता का, हे त्याच्या मागोमाग. पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मुलाखत द्यावी लागते असा हा एकमेव दुकानदारीचा प्रकार मी पाहिला. नाव लिहून आलो. दुसरा मार्ग होता, लगेच देणारे पण छापील किमतीवर वरचे पैसे लावणारे दलाल. ते मला तत्त्वाने नको होतं, आणि तत्त्व बाजूला ठेवलं तरी बिल आणि हमी कार्डावरचं नाव दुसऱ्याचं.

पण घड्याळ मनगटावर घालून बघायला मिळालं. एका शिपिंग कंपनीतल्या मित्राकडे 124060 होतं. त्याने ते शनिवार-रविवारसाठी सरळ काढून दिलं. जुन्यापुढे ते हाताला जड आणि घट्ट लागतं. जुन्याची चेन खुळखुळते, याची साखळीची एकेक कडी भरीव. क्लॅस्पच्या, म्हणजे चेन बंद करायच्या कडीच्या, आत सरकती पट्टी आहे. हत्याराशिवाय दोन-दोन मिलिमीटरने चेन 20 मिलिमीटरपर्यंत लांबवता येते, म्हणजे वेटसूटच्या बाहीवरून चढते. 3230 मशीन एकदा भरलं की 70 तास चालतं. शुक्रवारी काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालू. दिवसाला दोन सेकंदांच्या आत-बाहेर, असा कंपनीचा दावा. शनिवारी सकाळी मोबाइलला लावलं, रविवारी रात्री फरक डोळ्याला दिसला नाही. आणखी एक गोष्ट माझ्या कामाची. वेल्डिंगचे सांधे तपासताना आमच्यासमोर मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट होते, त्यात विजेचा चुंबक पत्र्याला टेकवतात. साधं यांत्रिक घड्याळ त्याच्या जवळ नेलं की केसस्प्रिंग, म्हणजे घड्याळाची लय सांभाळणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, चुंबकते आणि घड्याळ पळत सुटतं. या नव्यातली केसस्प्रिंग निओबियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असल्याने तिला ती बाधा होत नाही.

तक्रार करायची तर चकाकीची. सिरॅमिकच्या बेझलचा रंग कधी उडणार नाही, तिच्यावर ओरखडा सहजी येणार नाही. वीस वर्षांनीही ती अशीच दिसेल, आणि मला ते थोडं कंटाळवाणं वाटतं. 5513 ची ॲक्रिलिकची काच कडेला प्रकाश वाकवते, आकडे किंचित तरंगल्यासारखे दिसतात. नीलमणी काचेत ते नाही. ॲक्रिलिकवर ओरखडा आला तर घासून जातो, नीलमणीवर येतच नाही, आणि आलाच तर काच बदला. सौंदर्याचे गुण मी जुन्याला आजही जास्त देईन.

हा तिढा सुटला काकांच्या दुकानात. मी त्यांना गळ्याजवळच्या खड्ड्यांचं सांगितलं. त्यांनी काही न बोलता काउंटरखालून एक जाड पारदर्शक नळकांडं काढलं, अर्ध्यापर्यंत पाणी. कुणाचं तरी सत्तरच्या दशकातलं जपानी डाइव्ह वॉच दुरुस्तीला आलं होतं, मशीन काढलेली रिकामी केस. ती त्यांनी पाण्याच्या वर, हवेत टांगली, झाकण घट्ट केलं आणि पंप मारायला सुरुवात केली. केसच्या फटीतून हवा आत शिरायची असेल तर अशा वेळी शिरते. थोडं थांबून केस पाण्यात उतरवली आणि हळूहळू दाब सोडायला लागले. आधी काहीच नाही. मग चावीच्या नळीपाशी एक बुडबुडा फुगला, सुटला, त्याच्या मागे दुसरा, आणि एकदम बारीक दोरीसारखी रांग लागली. काकांनी दाब सोडणं थांबवून केस तिथल्या तिथे पाण्याबाहेर ओढली. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे तोवरच काढायची, नाहीतर पाणी आत जातं.

"ह्याचं रबर कालच बदललंय," ते म्हणाले. "रबर नवीन आहे. ज्याच्यावर बसतं ते नवीन नाही."

गळ्याचे खड्डे भरून घेता येतात का, विचारलं. येतात. लेझर वेल्डिंगने पोलाद भरायचं, पुन्हा कातून घ्यायचं; परदेशात उत्तम करणारे आहेत. मग ते मूळ राहील का, हे विचारायच्या आधी मीच थांबलो. काका हसत होते. अधिकृत सर्व्हिसला द्यावं तर तिथे घड्याळ पुन्हा पाण्यात जाण्याजोगं करण्याचा विचार आधी होणार, म्हणजे झिजलेले भाग जाणार आणि नवे येणार. त्यांच्या बाजूने तेच बरोबर. मग राहिलं काय, तर दर आषाढात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवायचं, मुंबईच्या दमट हवेत डायलवर बुरशीचा ठिपका येतो का ते बघत बसायचं, आणि लोकलमध्ये खिडकीतून पावसाचं पाणी आलं की बाही खाली ओढायची. असं घड्याळ सांभाळणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, ते इतिहास जपतात. मला रोज घालायचं होतं आणि पाण्यात न्यायचं होतं. बायकोच्या अटीत 5513 बसत नव्हतं. लंडनला नकार कळवला.

विमा उतरवण्याच्या बाजूनेही हेच निघालं असतं. नव्याला बिल पुरतं. जुन्याला मूल्यांकन, आगाऊ ठरवलेली किंमत, आणि एक बेझल हरवली तर भरपाई नव्या बेझलची द्यायची की राखाडी पडलेल्या जुन्या बेझलची, यावर मीच दोन्ही बाजूंनी वकिली करू शकेन.

दुकानातून फोन यायला इतका वेळ लागला की मी आशा सोडून दिली होती. आला तो भर पावसात, दुपारी, मी माझगावला एका टगच्या इंजिनरूममध्ये असताना. दोन दिवसांत या, नाहीतर यादीतल्या पुढच्याला देऊ. पॅन कार्ड, सह्या, फोटो. दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर एप्रिल 2025 पासून विक्रेत्याला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर, गोळा करावा लागतो, त्याचीही माहिती तिथल्या मुलीने नीट दिली. तो रिटर्नमध्ये वळता होतो. चेनच्या कड्या माझ्या मनगटाला कमी करून दिल्या, काढलेल्या कड्या पिशवीत घातल्या. हिऱ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

मध्यंतरी लंडनच्या दुकानाच्या यादीत तेच 5513 पुन्हा दिसलं. फोटोत पायाचं ते कडेला आलेलं भोक मी ओळखलं. काटे आता पिवळसर, ट्रिटियमचे, डायलच्या रंगाशी जुळणारे. कुठल्या तरी दुसऱ्या सबमरीनरचे काढून लावलेले असणार. वर्णनात 'ऑल ओरिजिनल' हे शब्द तसेच होते आणि किंमत मला सांगितली होती त्याहून जास्त. एका अर्थाने त्याचं म्हणणं बरोबरही आहे. प्रत्येक भाग मूळचाच आहे, फक्त एकाच घड्याळाचा नाही. माझ्या रिपोर्टात मी हे वाक्य कसं लिहिलं असतं याचा बराच वेळ विचार केला.

नोव्हेंबरमध्ये मालवणला गेलो. होडी सिंधुदुर्ग किल्ल्याला वळसा घालून खडकांच्या बाजूला थांबली. माझा नेहमीचा गाइड, पंचविशीतला मुलगा, टाकीचा व्हॉल्व उघडता उघडता माझ्या मनगटाकडे बघत होता. एका हाताला डाइव्ह कॉम्प्युटर, दुसऱ्याला हे.

"सर, ह्या नवा?"

"हो."

"ह्येच्यात खोली दिसता?"

"नाही." फेवर लुबाच्या 1968 च्या बाथीवर काट्याने खोली दिसायची, हे सांगायचा मोह झाला, पण रेग्युलेटर तोंडात घ्यायची वेळ झाली होती.

"मगे हवा किती उरली ती?"

"तीही नाही."

"मगे दिसता काय?"

"वेळ."

त्याने माझ्या दुसऱ्या हाताकडे बोट दाखवलं. "वेळ त्येच्यात पण दिसता, सर."